आधी ऐका, मग खोला

आमच्या आय.सी. इंजिन लॅबमध्ये दारातून आत गेलं की डाव्या हाताला एक कापलेलं इंजिन उभं आहे. सिलिंडरला लाल रंग, पाण्याच्या जागेला हिरवा, व्हॉल्व्हला पिवळा. हँडल फिरवलं की पिस्टन वर-खाली होतो, व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. सेकंड इयरपासून आम्ही ते फिरवतो आहोत. इंजिन म्हणजे काय हे त्याने आम्हाला छान शिकवलं. एकच गोष्ट मात्र ते शिकवू शकलं नाही, कारण ते कधी आवाजच करत नाही.

हा लेख त्या आवाजाबद्दल आहे. तक्रारीचा सूर लागलाच तर सरांनी माफ करावं. त्यातली अर्धी तक्रार माझी माझ्याबद्दलच आहे.

गेल्या दिवाळीत मी घाटंजी तालुक्यात मामाजींकडे गेलो होतो. त्यांची मारुती ८०० आहे, १९९८ सालची, कार्ब्युरेटरवाली. पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग करून घेतलेली आणि जिवापाड जपलेली. गावात मोटरसायकली घरोघरी आहेत, पण रात्री-बेरात्री कोणाला यवतमाळच्या मेडिकलला न्यायचं म्हटलं की लोक मामाजींचंच दार वाजवतात. दोन बाळंतिणी आणि एक साप चावलेला माणूस या गाडीने वेळेत पोचवला आहे. म्हणून ती गाडी नुसती मामाजींची नाही.

मी पोचलो त्याच दिवशी मामाजी म्हणाले, "भाचेबुवा, तुम्ही तं मेकॅनिकल करून राहिले ना? पाहा बरं, काय वाजून राह्यलं ते."

मी बोनट उघडलं. गाडी चालू केली. 'टक टक टक' असा आवाज येत होता. मी एक मिनिटही थांबलो नसेन. "टॅपेट आहे मामाजी, क्लिअरन्स वाढला." टॅपेट का? कारण मला तेवढंच येत होतं! वर्कशॉपमध्ये फीलर गेज हातात धरलेलं होतं. मग काय, पाना आणि पेचकस घेऊन, आजूबाजूला पाच-सहा पोरं जमवून मी टॅपेट सेट केले. आवाज थोडा कमी झाला. मामींनी चहा केला. मामाजींनी शेजाऱ्याला सांगितलं की, पोराने घरच्या घरी गाडी दुरुस्त केली.

थोडा आवाज कमी झाला तो खरंच टॅपेटचा होता. उरलेला जो जड, बोदा ठोका होता, तो मला ऐकूच आला नाही. खरं सांगायचं तर ऐकू आला, पण मी त्याला 'जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच' असं नाव दिलं. ऑइलची कांडी ओढून पाहणं दहा सेकंदांचं काम होतं. तेही केलं नाही.

पंधरा दिवसांनी यवतमाळकडे येताना चढावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मामाजींनी शहाणपणा केला आणि गाडी तिथेच थांबवली. टोचन करून ती मिस्त्रीकडे आणली. मी होस्टेलवरून गेलो. मिस्त्री वयस्क माणूस, शिक्षण विचारलं नाही. त्याने ऑइल टाकलं, गाडी चालू केली आणि हात मागे बांधून नुसता उभा राहिला. मी काहीतरी सांगायला लागलो, तर म्हणाला, "भाऊ, दोन मिनिट गप राहा ना. तिले बोलू द्या."

मग त्याने एक लांब पेचकस घेतला. मूठ कानाजवळ, टोक इंजिनवर. आधी वर टॅपेट कव्हरवर, मग ब्लॉकच्या बाजूला, मग खाली ऑइल चेंबरवर. नंतर ॲक्सिलरेटर थोडा वाढवून ठेवला आणि इन्सुलेशनच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवून धरली. एक नंबर काढला: इंजिन थरथरलं, ठोका तसाच. दोन नंबर काढला: इंजिन थरथरलं आणि ठोका एकदम मऊ पडला. तीन नंबर: पुन्हा ठोका तसाच. खात्रीसाठी त्याने दोन नंबर परत काढून पाहिला. "दोन नंबरचं बिग एंड गेलं," तो म्हणाला. मग घमेल्यात ऑइल काढून उन्हात धरलं, तर त्यात चांदीचा भुगा टाकल्यासारखी चमक होती. चेंबर उतरवल्यावर दोन नंबरच्या बेअरिंगचा वरचा थर खरवडून गेलेला दिसला.

तेव्हा मिस्त्रीने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. "पंधरा दिवस आधी आणली असती तं नुसते बेअरिंग टाकून भागलं असतं. आता क्रँक घासा लागते." म्हणजे क्रँक लेथवाल्याकडे, अंडरसाइज बेअरिंग, हाफ इंजिन काम. कापसाच्या पहिल्या वेचणीचा पैसा त्यात गेला. आणि ती गाडी तीन आठवडे दारात नव्हती. त्या तीन आठवड्यांत गावात कोणाला रात्री मेडिकलला न्यावं लागलं नाही, हे माझं नशीब.

आता मुद्द्यावर येतो. मिस्त्रीने जे केलं ते आपण सगळ्यांनी केलेलं आहे! मल्टिसिलिंडर इंजिनवर मॉर्स टेस्ट. एकेक सिलिंडर बंद करायचा, वेग पुन्हा पहिल्याइतका आणायचा, ब्रेक पॉवर किती घटली ते लिहायचं आणि त्यातून इंडिकेटेड पॉवर काढायची. माझ्या जर्नलमध्ये ते प्रॅक्टिकल आहे, सही आहे, दहापैकी नऊ मार्क आहेत. आकडे आम्ही चौघांनी एकाच्या वहीतून उतरवले होते. सिलिंडर बंद केल्यावर इंजिनच्या आवाजात काय फरक पडला, असा एकही रकाना त्या तक्त्यात नव्हता. आणि आम्हालाही तो विचारावासा वाटला नाही. मिस्त्रीकडे सूत्र नव्हतं, पण प्रयोग होता. माझ्याकडे सूत्र होतं, पण प्रयोग मी कधी केलाच नव्हता.

म्हणून माझं मत असं आहे: इंजिनचा आवाज ओळखणं ही काही मिस्त्रीची 'कला' नाही, ते शिकवता येणारं इंजिनिअरिंग आहे. आणि ते आपल्याला शिकवलं पाहिजे. नंतर मी पुस्तकं चाळली, त्या मिस्त्रीकडे चार रविवार बसलो. त्यातून जे समजलं ते थोडक्यात देतो, म्हणजे 'शिकवता येतं' हे नुसतं म्हणणं राहणार नाही.

पहिला प्रश्न: आवाज किती वेगाने येतो? इंजिन आयडलिंगला मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे साडेसात वेळा. एक टॅपेट ढिला असेल तर सेकंदाला सात-आठ टिचक्या येतील. त्याच्या दुप्पट वेगाने ठोके येत असतील तर क्रँकच्या बाजूला संशय घ्यायचा. कानाला हा फरक दोन-चार दिवसांच्या सवयीने कळतो.

दुसरा प्रश्न: कधी येतो? थंड इंजिनवर येऊन गरम झाल्यावर जात असेल तर बहुधा पिस्टन बोअरमध्ये सैल झालाय. तो पुष्कळ दिवस चालतो, घाई नाही. उलट, थंडपणी कमी आणि इंजिन तापून ऑइल पातळ झाल्यावर जास्त होत असेल तर बेअरिंग पाहा. इथे घाई आहे! उभ्यावरून गाडी उचलताना किंवा जड ओझ्यावर एकदम खोल, दबका 'धब धब' आला तर मेन बेअरिंग. एक प्लग काढून त्यात फारसा फरक पडत नाही, शेजारचे दोन एकदम बंद केले तर पडतो. आयडलिंगला जोडीने 'टक-टक' असा दुहेरी ठोका आला तर गजन पिन.

तिसरा प्रश्न: कुठून येतो? पेचकस किंवा लाकडी दांडा कानाला लावून जागा शोधायची. आणि सगळ्यात आधी इंजिनच्या बाहेरचं तपासायचं. ढिली पुली, फाटलेलं माउंटिंग, वॉटर पंपचं बेअरिंग, सायलेन्सरचा सुटलेला पत्रा. फॅन बेल्ट क्षणभर उतरवून गाडी चालू केली आणि आवाज गेला, तर इंजिन उघडायची गरजच नाही. एखाद्या ढिल्या बोल्टसाठी अख्खं इंजिन खोललं गेल्याच्या गोष्टी चार रविवारांत मी दोन ऐकल्या.

चौथा आवाज वेगळ्याच जातीचा आहे. चढावर, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखी किणकिण येते आणि पाय सैल केला की जाते. परीक्षेत आपण ज्याला 'नॉकिंग' म्हणून चार मार्कांचं उत्तर लिहितो ते हे. इथे कुठलाही भाग दुसऱ्या भागावर आपटत नसतो. ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण एकदम पेटतं आणि सिलिंडरमधला वायू घंटेसारखा वाजतो. वायूतला ध्वनीचा वेग आणि बोअरचा व्यास घेऊन गणित केलं तर मारुतीच्या ६८.५ मिलिमीटर बोअरसाठी साधारण ८ हजार हर्ट्झ येतात. म्हणून हा आवाज बारीक आणि धातूसारखा, तर बेअरिंगचा बोदा. ही किणकिण ऐकून कोणी 'इंजिन काढा' म्हणत असेल तर थांबा. टायमिंग पुढे गेलंय का, रेडिएटर चोंदलाय का, हेडमध्ये काजळी साचलीय का, मिश्रण पातळ आहे का आणि पेट्रोल कसं आहे, हे आधी पाहा.

पेट्रोलचं नाव निघालं म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली अमेरिकेतली. १९१६ च्या सुमारास डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली थॉमस मिजली या किणकिणीच्या मागे लागला. त्याने अंदाज केला की इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता जास्त शोषून घेईल. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून त्याने आयोडीन टाकलं. नॉकिंग कमी झालं! कोणीही म्हणालं असतं, 'झालं सिद्ध.' पण त्याने मग खरे लाल रंग आणून टाकून पाहिले, तर काहीच फरक नाही. रंगाचा संबंधच नव्हता. माझ्या टॅपेटसारखंच झालं होतं. फरक एवढाच की त्याने दुसरा प्रयोग केला आणि मी चहा प्यायलो.

पण त्याच मिजलीने १९२१ मध्ये शिशाचं संयुग शोधलं आणि नॉकिंग थांबवायला ते जगभरच्या पेट्रोलमध्ये गेलं. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे तेव्हा माहीत होतं, तरी शिसं निवडलं गेलं. आवाज गेला, पण ते विष लहान मुलांच्या रक्तात शिरलं. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आलं. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये सुटला. आणि २०२५ मध्ये आपण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट गाठलं, म्हणजे शंभर वर्षांनी अल्कोहोलकडेच आलो. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे किणकिण कमी व्हावी. पण कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण पातळ होतं आणि जुने रबरी पाइप, गास्केट यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे ऐकायचं काम इथेही संपलेलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं की ऑक्टेन घसरतो आणि इंजिन किणकिणतं. गिऱ्हाइकाला वाटतं गाडी जुनी झाली. ही भेसळ किती मोठा धंदा होता हे २५ जानेवारी २०११ ला कळलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ इंधनाची भेसळ पकडली आणि त्यांना भर दिवसा जाळून मारण्यात आलं. एका आवाजाच्या मुळाशी कधी ढिला बोल्ट असतो, तर कधी एवढं सगळं असतं. मूळ शोधणाऱ्याने कुठे थांबायचं नाही हे मला त्यातून कळतं.

माझा रूममेट म्हणतो, "लेका, आता स्कॅनर लावला की सगळं दिसते. आणि दहा वर्षांनी सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक. तू काऊन कान धरून बसला?" त्याचं अर्धं बरोबर आहे. नव्या गाडीच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, तो किणकिण ऐकून टायमिंग स्वतःच मागे घेतो. म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनीही अखेर इंजिनला कानच लावला! पण बिग एंडच्या बेअरिंगवर कुठला सेन्सर बसवलेला असतो? स्कॅनर त्याबद्दल गप्प राहतो. आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टर आहेत, काळीपिवळी आहेत, फवारणीचे पंप आहेत, जिनिंगमधली मशिनरी आहे. मोटारीलाही बेअरिंग असतंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते पाहायचं, ही पद्धत तर कुठल्याही यंत्राला लागू आहे.

सरांचं म्हणणं वेगळं असतं. अभ्यासक्रम संपत नाही, बॅच मोठी, चालू इंजिनजवळ पोरं सोडली आणि कोणाचा हात पट्ट्यात गेला तर जबाबदारी कोणाची? हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. प्लगची वायर उघड्या हाताने काढली तर झटका बसतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर हवेत लटकती ठेवली तर कॉइल जाऊ शकते. जुन्या डिझेल जीपमध्ये इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून तीच परीक्षा करता येते, पण कॉमन रेलच्या गाडीत ते कधीच करायचं नाही, हजाराहून जास्त बारचा दाब चामडी फाडून आत जातो. पण हे धोके आहेत म्हणूनच ते सरांसमोर शिकायला पाहिजेत. नाहीतर आम्ही ते मामाजींच्या अंगणात, पाच पोरांसमोर शिकणार.

म्हणून विभागाकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. लॅबमधलं जुनं पेट्रोल इंजिन एका शनिवारी चालू करून त्यात मुद्दाम दोष करावेत: एक टॅपेट ढिला, टायमिंग थोडं पुढे, पुली सैल. आणि आम्हाला फक्त ऐकून ओळखायला लावावं. मॉर्स टेस्टच्या तक्त्यात 'आवाजातला फरक' असा एक रकाना वाढवावा, याला पैसा लागत नाही. आणि वर्षातून एकदा गावातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला पाहुणा म्हणून बोलवावं, चांगलं मानधन देऊन. फीत कापायला पाहुणे आपण दरवर्षी बोलावतोच.

होस्टेलच्या मित्रांनाही एक सांगणं आहे. सुटीत घरी गेलो की आपण घरचे 'इंजिनिअर साहेब' असतो. पंप बिघडला, गाडी वाजली, मिक्सर बंद पडला, आपल्याला विचारतात आणि आपण सांगू ते खरं धरतात. त्या विश्वासापोटी तोंडातून काहीतरी निघून जातं. माहीत नसेल तर 'मला माहीत नाही' म्हणा. आपली पदवी त्याने कमी होत नाही. आणि घरच्यांना एवढं शिकवून ठेवा: कोणी 'हाफ इंजिन करा लागते' म्हणालं तर विचारायचं, कोणता सिलिंडर? कसा ओळखला? मला ऐकवून दाखवा. चांगला मिस्त्री आनंदाने ऐकवतो. जो ऐकवत नाही त्याच्याकडे गाडी खोलू नका.

परवा मामाजींचा फोन आला. गाडी छान आहे, पण सकाळी चालू करताना बारीक टिकटिक येते आणि मग जाते म्हणाले. "काय असन भाचेबुवा?" तोंडावर आलं होतं, 'पिस्टन.' गिळलं. म्हटलं, "मामाजी, आधी ऑइलची कांडी पाहून घ्या. रविवारी येतो, मग दोघं मिळून ऐकू."